बंद काचेआडचा आवाज

आपल्या घरातील एखादे वडीलधारे माणूस हळूहळू बोलेनासे झाले, तर आपण काय समजतो? आमच्या घरी आम्ही असे समजलो की, अण्णांना आता कशातच गोडी उरलेली नाही. ही समजूत तीन वर्षे टिकली. ती कशी मोडली हे सांगायचे, तर मला एका जुन्या मोटारीच्या दारांविषयी, त्यांतील काचांविषयी आणि रबरी पट्ट्यांविषयी बरेच सांगावे लागणार आहे. आरोग्याच्या पाक्षिकात हे कशाला, असे आपणांस वाटेल. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आम्ही मुखेडचे. अण्णांची मोंढ्यात आडत होती. तूर, मूग, उडीद, ज्वारी यांच्या राशींमधून हिंडत ते भाव पुकारीत, तेव्हा पलीकडच्या हॉटेलात चहा पिणारा शेतकरी पेला खाली ठेवून धावत येई, इतका तो आवाज खणखणीत. १९८६ साली त्यांनी नांदेडहून एक जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. नव्या मोटारीसाठी त्या काळी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि अण्णांना थांबणे मानवत नसे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार तयार होत असे. मूळची ती इटलीची फियाट. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी आमच्याकडे शेवटपर्यंत सगळे तिला ‘फियाट’च म्हणत. मुंबईत हीच मोटार काळी-पिवळी टॅक्सी म्हणून अनेक दशके धावली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तेथील रस्त्यांवरून निवृत्त झाली. आमची मात्र त्याच्या किती तरी आधी निवृत्त होऊन आडतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रिकाम्या पोत्यांखाली उभी होती.

ती तेथे उभी राहण्याला कारण मी होतो. अण्णांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार जडल्याचे निदान होण्याच्या थोडे आधी बाजारात त्यांच्या हातून एका उभ्या हातगाडीला धक्का लागला. कोणाला इजा झाली नाही, चार डझन केळी तेवढी चेंगरली. त्या रात्री मी मोटारीची चावी उचलली आणि आईच्या कपाटात साड्यांखाली लपवून ठेवली. अण्णांना सांगितले काहीच नाही. त्यांनीही विचारले नाही. आपल्यापैकी ज्यांच्यावर वडिलांच्या हातून वाहन काढून घेण्याची वेळ आली असेल, त्यांना त्या न विचारण्याचे ओझे समजेल.

या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली केले. लोकांना त्यातला हाताचा कंप तेवढा ठाऊक असतो. पण हालचाली मंदावतात, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात आणि आवाज खोल जातो, हेही त्या आजाराचेच भाग आहेत. आवाजाची आणखी एक मोठी अडचण अशी की, रुग्णाला स्वतःला आपण नेहमीसारखेच बोलत आहोत असे वाटत असते. इकडे ऐकणाऱ्याच्या कानावर जेमतेम कुजबुज येते, आणि समोरचा भावशून्य चेहरा पाहून तो तर्क करतो की, यांना काही बोलायचेच नाही.

त्यात आमच्या आईला ऐकू कमी येते. दूरचित्रवाणीवरील मालिका ती इतक्या मोठ्या आवाजात लावते की, शेजारच्यांना वेगळा संच घेण्याची गरज भासू नये. उन्हाळ्यात कूलरची घरघर, बारा महिने रस्त्यावरचे भोंगे. अशा घरात अण्णा खुर्चीत बसून असत. उजवा हात मांडीवर थरथरत असे. सूनबाईने, म्हणजे माझ्या पत्नीने, काही विचारले की ते मान हलवीत. सदऱ्याच्या गुंड्या मी लावून देई. अण्णा स्वतः लावू शकत. पण त्यांना दहा मिनिटे लागत आणि मला शाळेची घाई असे.

मोटार पुन्हा उभी करण्याचा विचार मी केला तो त्या चावीच्या ओझ्यापायीच. पत्रा आणि रंगाचे काम नांदेडच्या एका कार्यशाळेत झाले. रंग सुरेख झाला. मात्र दारांतून काढलेल्या काचा, यंत्रे, पट्ट्या आणि स्क्रू एका पोत्यात भरून माझ्या हाती देण्यात आले. हे बसवणारा म्हातारा कारागीर काम सोडून गेला होता, आणि नव्या मुलांनी विजेवर चढणाऱ्या काचाच पाहिलेल्या. रबर तर सगळेच वाळून कडक झाले होते. ऊन आणि हवा लागून जुने रबर तडकते. मराठवाड्याच्या उन्हात तर विचारूच नये. नवे रबर कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एका नातलगाकरवी मागवले. दिवाळीची सुट्टी लागली. शेड झाडून घेतली, अण्णांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि मी कामाला लागलो. अण्णांनी पाहत बसावे, एवढीच माझी अपेक्षा होती.

मोटारीचे दार आपण रोज उघडतो, पण त्याच्या पोटात काय असते हे क्वचितच पाहतो. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी असते. तीत हँडलने फिरणारे यंत्र बसते. गॅरेजवाले त्याला ‘काचेची मशीन’ म्हणतात. या यंत्राचा दांडा काचेच्या तळाशी बसवलेल्या लोखंडी पट्टीत अडकतो आणि हँडल फिरवले की काच वर-खाली होते. काच दोन्ही कडांना फेल्ट किंवा रबर लावलेल्या खाचांतून, म्हणजे चॅनलमधून सरकते. पुढच्या दारांना शिवाय वाऱ्यासाठी उघडणारी लहान त्रिकोणी काच असते, तिची स्वतंत्र चौकट. काचेच्या तोंडाशी बाहेरून एक पट्टी, आतून एक पट्टी. आणि दाराच्या सबंध कडेला फिरणारे जाड रबर, ज्याला बीडिंग म्हणतात. यांतील एकही वस्तू अवघड नाही. अवघड आहे तो त्यांचा क्रम. यंत्राआधी काच घातली तर यंत्र आत जात नाही. त्रिकोणी काचेची चौकट आधी पक्की केली तर मोठी काच तिरकी करून खाली सोडायला वाव उरत नाही.

मागचे डावे दार मी एकट्याने केले. दोन वेळा खोलून पुन्हा जोडले, पण केले. मग बीडिंग घेतले. कडेला सोल्यूशन लावून रबर ताणत ताणत सगळीकडे फिरवले, शेवटी बोटभर उरले ते कापून टाकले आणि मोठ्या समाधानाने मागे वळून पाहिले. अण्णांचे ओठ हलत होते. त्यांचे ओठ अधूनमधून असे हलत असतात, हे मला ठाऊक होते. मी ‘हो, हो’ म्हटले आणि हात धुवायला गेलो.

तिसऱ्या दिवशी त्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात रबराची दोन टोके एकमेकांपासून अंगठाभर दूर सरकलेली दिसली. ताणून लावलेले रबर हळूहळू आपल्या मूळ लांबीवर परत येते, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात अण्णांनी खुणेने पेन मागितले. सुट्या भागांच्या बिलामागे त्यांनी लिहिले. पहिला शब्द ठळक, दुसरा त्याहून लहान, तिसरा मुंगीएवढा. चष्मा पुसून मी वाचले : ‘रबर ओढू नको. दाब.’

मी विचारले, “हे परवा सांगत होतात का?”

त्यांनी मान हलवली.

वाचकहो, त्या क्षणी मला नुकसान झालेल्या रबराचे काही वाटले नाही. परवा ते हे सांगत होते, तर त्याआधीच्या तीन वर्षांत काय काय सांगत असतील, एवढाच विचार मनात घोळत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे मिळून काम करू लागलो. सकाळच्या गोळीचा असर साधारण पाऊण तासाने चढतो आणि मग दोनेक तास अण्णांच्या हालचाली मोकळ्या असतात. ती वेळ आम्ही ठरवून घेतली. आणि तेथे मी एक गोष्ट पाहिली, जी डॉक्टरांनी पूर्वी सांगितली होती पण मी कानाआड केली होती. कंपवातातला कंप बहुधा हात स्वस्थ असताना जास्त असतो आणि हात हेतुपूर्वक कामाला लागला की कमी होतो. मांडीवर थरथरणारा तो हात पेचकसाच्या मुठीवर बसला की बराचसा स्थिर होई. वेग मात्र नव्हता. एक स्क्रू बसवायला मला अर्धे मिनिट, त्यांना चार-पाच मिनिटे. (सर्वच रुग्णांत असे घडते असे नाही. काहींचा कंप कामातही राहतो. आपल्या रुग्णाविषयी त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे.)

माझा स्वभाव लपवीत नाही. पुढच्या डाव्या दाराच्या वेळी त्यांच्या हातून लागोपाठ दोन स्क्रू दाराच्या पोकळीत पडले. ऊन वर आले होते, काच मी दोन्ही तळव्यांवर तोलून धरली होती, खांदे भरून आले होते. काच खाली ठेवून मी त्यांच्या हातातून पेचकस जवळजवळ हिसकावून घेतला. अण्णांनी हात मांडीवर ठेवला. तो थरथरू लागला. उरलेले दार मी मुकाट्याने पूर्ण केले. ते उत्तम बसले, आणि ते पाहून मला जेवण गेले नाही. त्या रात्री पत्नी एवढेच म्हणाली, “काम लवकर उरकून तुम्हाला कुठं जायचंय?” दुसऱ्या सकाळी मी पेचकस त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. दोघांपैकी कोणी त्याविषयी बोलले नाही. पडलेले स्क्रू काढण्यासाठी मात्र अण्णांनी आपणहून एका काठीला लोहचुंबक बांधून आणले होते.

चालकाच्या बाजूचे दार आम्ही शेवटी घेतले. काच खाचेत उतरवताना एकाने हँडल फिरवायचे आणि दुसऱ्याने काच दोन्ही बाजूंनी सरळ ठेवायची, हे काम एकट्याचे नव्हेच. हँडल अण्णांकडे होते. मध्येच त्यांचा हात अडकून थांबे. कंपवातात पावले थबकतात तसाच. मग मी मोठ्याने मापाचे आकडे मोजू लागलो. मोंढ्यात माप मोजताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, ते त्यांचेच शिकवणे. “लाभ... दोन... तीन...” हात पुन्हा फिरू लागे. ताल किंवा मोजणी यांचा आधार मिळाला की थबकलेली हालचाल सुटते, हे व्यायामोपचार करणाऱ्यांना चांगले माहीत असते. मला ते त्या हँडलाने शिकवले. नवे फेल्ट घट्ट होते म्हणून खाचेत मी तेल सोडायला निघालो, तर अण्णांनी माझे मनगट धरले. तेलाने रबर फुगते आणि सडते. त्यांनी साबणाच्या पाण्याचा वाडगा मागवला. काच सळसळत वर गेली.

बीडिंग या वेळी ओढले नाही. अंगठ्याने इंच इंच दाबत, कोपऱ्यात किंचित सैल ठेवून बसवले आणि जोड दाराच्या तळाला घेतला. हे अंगठ्याचे काम सगळे अण्णांनी केले. त्याला दोन सकाळी लागल्या.

मग पाण्याची परीक्षा. पाणी ओतायला पत्नी उभी राहिली आणि ‘इथं प्यायला पाणी मिळंना आन् तुमी गाडीला आंघोळ घालता’ म्हणून आई ओरडायला उभी राहिली. चार बादल्यांनंतर आतल्या पायपुसण्यापाशी ओल दिसली. मी पुन्हा बीडिंग तपासू लागलो. अण्णा वाकून दाराच्या तळाशी बोट आपटू लागले. तेथे पाणी निथळण्यासाठी भोके असतात. रंगाऱ्याने ती रंगात बुजवून टाकली होती. काचेच्या तोंडाची पट्टी कितीही चांगली असली तरी थोडे पाणी दाराच्या पोटात उतरतेच. ते खालून निघून जावे आणि आत येऊ नये म्हणून आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा पडदा लावायचा, अशी मूळची योजना आहे. अण्णांनी सळईच्या टोकाने भोके मोकळी केली. दारातून पाणी ठिबकू लागले आणि जमीन भिजली, तसे त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. भाव न उमटणाऱ्या त्या चेहऱ्यावर ते एवढेसेच होते, पण आम्हा तिघांनाही दिसले.

पॅड लावून, हँडले पिनांनी अडकवून झाल्यावर आम्ही दोघे मोटारीत बसलो. आसन अखंड बाकासारखे, गिअर चाकाच्या दांड्याला. मी चालकाच्या जागी बसलो, ते शेजारी. चारही काचा वर केल्या, दारे ओढली. रस्त्यावरचा भोंगा एकाएकी दूर गेला. आईची मालिका गेली. पिठाच्या गिरणीचा पट्टा गेला. मोटार पूर्ण निःशब्द झाली असे नव्हे, पण एवढी शांतता मी आमच्या घरात किती वर्षांत अनुभवली नव्हती, हे मला तेव्हा कळले.

आणि त्या शांततेत अण्णा बोलले. बारीक, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ.

“मी बोलतोच की रे घरात. तुमालाच ऐकू येईना.”

मला काही सुचेना. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “चावी कुठं ठेवलास ते ठाऊक हाय मला. आईच्या साड्याखाली. मी मागितलो का?”

“नाही, अण्णा.”

“त्या केळीवाल्याचं पोरगं होतं गाडीच्या आड. थोडक्यात वाचलं. तू बघितला नाहीस, मी बघितलो. त्याच दिवशी ठरवलो, आता चालवायचं नाही.”

चावी लपवण्यापूर्वीच त्यांनी निर्णय घेतला होता. तो ते मला सांगत आले होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या दिवशी आम्ही वीस मिनिटे बोललो. उधारीच्या दोन जुन्या हिशेबांबद्दल, लेंडी नदीवरच्या धरणाबद्दल, आणि रात्री कूस बदलता येत नाही म्हणून त्यांना झोप लागत नाही, याबद्दल. हे शेवटचे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी रात्रीच्या गोळीच्या वेळेत बदल केला.

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. जेवताना दूरचित्रवाणी बंद असते. अण्णांशी बोलायचे तर समोर बसून, चेहरा पाहत, आणि उत्तरासाठी थांबून. आईची श्रवणचाचणी करून तिला यंत्र घेतले. ती ते डब्यातच जास्त ठेवते, ही वेगळी तक्रार. नांदेडच्या वाचा-उपचार तज्ज्ञांकडे अण्णांना नेले. ‘मोठ्याने बोला’ हा एकच धडा रोज गिरवायचा. मी मोंढ्यातले भाव पुकारायला सांगतो. आवाज खोल गेलेल्या रुग्णाला जेवताना ठसका लागत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानी घालावे, कारण गिळण्याचे स्नायू त्याच आजाराच्या तावडीत सापडतात, हे त्या तज्ज्ञांनी आवर्जून सांगितले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा रुग्ण आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचा गट आहे. आपल्या गावी असे काही नसेल, तर तेथील अनुभव वाचण्याजोगे आहेत. सदऱ्याच्या गुंड्या अण्णा स्वतः लावतात. मी शाळेसाठी दहा मिनिटे आधी उठतो, इतकेच.

एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. काचा बंद करून उभ्या मोटारीत बसणे हे आमच्याकडे फक्त थंडीतल्या सकाळी, सावलीत, आणि पंधरा-वीस मिनिटेच. इंजिन बंद ठेवून, कोणी तरी जवळ असताना. उन्हात बंद मोटार काही मिनिटांत भट्टीसारखी तापते आणि ज्येष्ठांच्या जिवावर बेतू शकते.

गेल्या पौषातली गोष्ट. अण्णा मोटारीत बसले होते. आई अंगणात तूर निवडीत होती. त्यांनी काचेवर टकटक केली आणि तिला बोटाने बोलावले. “म्हातारपणी काय हे खूळ,” म्हणत ती पदर सावरून उठली. मी दार उघडून तिला चालकाच्या जागी बसवले. तिने डब्यातले यंत्र मागितले. मी धावत जाऊन आणून दिले, तिने ते कानात घातले. दार लावताना नव्या रबरावर ते ‘धप्’ असे बसले आणि काच पूर्ण वर गेली.

मी तुरीच्या सुपापाशी येऊन बसलो. काचेआड अण्णांचे ओठ हलत होते. आई त्यांच्याकडे कान करून बसली होती. मग तीही काही बोलली, मग दोघेही. बाहेर मला त्यातले एक अक्षरही ऐकू आले नाही.